दोन डाव्या बाजू

"त्या गप्प मुलीला बोलवा की. कॉन्व्हेंटात शिकलीय म्हणे. नुसती घरात बसलेली असते."

हे समोरच्या ओट्यावरून आलं. मी आमच्या पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होते. गल्ली इतकी अरुंद होती की समोर कुणी हळू बोललं तरी आमच्या घरात ऐकू येई, आणि माझ्याबद्दल बोलताना कुणी आवाज खाली आणत नसे. ही बोलत नाही म्हणजे हिला ऐकूही येत नसावं, असं काहीतरी त्या धरून चालल्या असाव्यात.

"पण येईल का ती?"

"न यायला काय झालं? इंग्रजी वाचायचंय. तिला नाचायला थोडंच सांगतोय!"

सगळ्या हसल्या. मग समोरच्या काकूंची हाक आली, "अगं ए मुली, जरा येतेस का इकडे?" गल्लीत मला बहुतेक सगळे 'मुली'च म्हणत. मी तांदळाचं ताट झाकलं, वरचं झाकण काढून पुन्हा नीट बसवलं, केसांवरून हात फिरवला आणि सहा पावलांचा तो रस्ता ओलांडला.

साताऱ्यात येऊन तेव्हा आम्हाला पाच महिने झाले होते. आम्ही म्हणजे वडील आणि मी. वडिलांची बदली वर्षाच्या मध्येच झाली. धाकट्या भावंडांची शाळा होती, आजोबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून आई सांगलीतच राहिली आणि वडिलांच्या जेवणाखाण्याची सोय म्हणून मी आले. माझं शिक्षण संपलं होतं, लग्न ठरायचं होतं. अशा मधल्या काळात मुलीला कुठंही ठेवता येतं.

सांगलीत मला पुष्कळ मैत्रिणी होत्या असं नाही. पण तिथं माझं गप्प राहणं सगळ्यांच्या सवयीचं होतं. हळदीच्या वखारींवरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, संध्याकाळी आईबरोबर कृष्णेच्या घाटावर जायचं, पायऱ्यांवर बसायचं, परत यायचं. यात कुठं बोलावं लागत नसे. साताऱ्यात तेच गप्प राहणं गर्वाचं ठरलं. वडील साडेनऊला कचेरीत जात आणि सहाला येत. आल्यावर "काय गं, बरंय ना?" विचारत, आणि मी "हो" म्हणे. एवढं एक वाक्य मला दिवसाकाठी हमखास बोलायला मिळे. आईची पत्रं यायची, पण त्यांत बहुतेक सूचना असत. शाळेतल्या एका मैत्रिणीला मी तीन पत्रं लिहिली. तिचं एक उत्तर आलं. त्यात तिच्या लग्नाची पत्रिका होती.

काकूंच्या ओट्यावर दुपारी ऊन यायचं. थंडीच्या दिवसांत गल्लीतल्या बायका तिथं चटई टाकून विणकाम घेऊन बसत. काकू त्यांच्या प्रमुख होत्या. घराण्यातल्या प्रत्येक बाळाचे मोजे आणि टोपडी त्यांच्या हातची, हे त्या स्वतःच सांगत. कोपऱ्यावरच्या वाण्याची सून लोकरीपेक्षा गप्पांसाठी येई. ती बोलायला तिखट होती. आणि हवालदारीणबाई. त्यांना गल्लीत सगळे याच नावानं ओळखत. नवरा फौजेत हवालदार, गाव वडूजकडचं, मुलींच्या शिक्षणासाठी साताऱ्यात एक खोली घेतलेली. त्यांच्याबरोबर त्यांची सासूही येई. ती विणत नसे. ती वाकळ शिवायची. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक अंथरून, स्वतः त्यावरच बसून, कडेकडेनं धावदोरा घालत हळूहळू आत सरकायची. तिच्यासमोर कधी पुस्तक नसे, पट्टी नसे. मोजायचं झालं तर वीत.

त्या दिवशी माझ्या हातात जे पुस्तक ठेवलं गेलं ते लोकरीच्या गुंड्यांबरोबर आलेलं होतं. हवालदारांनी मागच्या रजेला फौजी कँटीनमधून गडद निळी लोकर आणली होती. मुलींसाठी, असं त्यांनी म्हटलं होतं. पण बाईंच्या मनात वेगळंच होतं. पुस्तकाच्या पाचव्या पानावर तोंडात पाईप धरलेल्या एका गोऱ्या माणसाचा फोटो होता. त्याच्या अंगात समोरून उघडा, बटणांचा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता.

"ह्यो," हवालदारीणबाईंनी फोटोवर बोट ठेवलं. "ह्यो इनायचाय मला."

"माणूस का स्वेटर?" वाण्याची सून म्हणाली.

"माणूस हाय माझा मला. तुमास्नी पायजे आसंल तर तुमी इना."

"आणि तो पाईप?"

"त्यो बी सुलट-उलटच आसंल की!"

ओट्यावर हसण्याचा फवारा उडाला. मीही हसले, पण उशिरा, त्यामुळे ते माझं एकटीचंच हसणं सगळ्यांना ऐकू गेलं. काकूंनी मला बसायला आतून खुर्ची आणवली. चटईवर त्या चौघी आणि खुर्चीवर मी. मान दिला होता त्यांनी मला. आम्ही पाच महिन्यांत इतक्या जवळ कधी बसलो नव्हतो, आणि तरी मी त्यांच्यापेक्षा हातभर उंचावर होते.

"अगं, फौजेत देतात की जर्सी," काकू म्हणाल्या. "आणि तू कधी विणलं नाहीस. मफलर कर आधी. सोपा असतो."

"सरकार देतंय की. पर सरकारी ती सरकारी," हवालदारीणबाई म्हणाल्या. मग बोटानं चटईची कड सरळ करत, सासूकडे न पाहता बोलल्या, "ड्यूटी सुटल्यावर घालतील. लगीन झाल्याला बारा वरसं झाली. पर माज्या हातचं कायबी त्यांच्या आंगावर गेल्यालं न्हाई. भाकरी तेवढी, ती बी रजेतच."

म्हातारीनं सुईत दोरा ओवताना मान वर केली नाही. "इन की," ती म्हणाली. "तुला कोन आडवतंय."

हवालदार तेव्हा दोन महिन्यांच्या रजेवर होते. पण त्यांचे दिवस गावाकडे विहिरीच्या कामात जात होते. ते फक्त रविवारी साताऱ्याला येत. स्वेटर त्यांना न कळता व्हायला हवा होता. रजा संपून ते परत निघायचे त्या रविवारी सकाळी तो त्यांच्या ट्रंकेत वरच ठेवायचा, असा तो बेत होता. त्या बेतात माझं काम एवढंच की, एक एक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची.

मला विणकाम येत नव्हतं. शाळेत आम्हाला भरतकाम शिकवलं होतं. चेन स्टिच, लेझी डेझी, ट्रे-क्लॉथवर निळी फुलं. सुयांशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण पुस्तकाच्या शेवटी खुणांचा अर्थ दिला होता, आणि सुलट-उलट, टाके घालणं, टाके मिटवणं हे शब्द काकूंनी मला पहिल्याच दुपारी पुरवले. "दोन सुलट, दोन उलट, असं शेवटपर्यंत," मी म्हणे. माझा आवाज मला परका वाटे. आपण वर्गात उभं राहून धडा वाचतोय असं वाटे. पण तो आवाज निघाला की चार बायका एकदम शांत होत, चार सुया थांबत, आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहत. मला ते आवडू लागलं. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी हवालदारीणबाई आमच्या दारात आल्या. ओट्यावर जायच्या आधी, एकट्याच. पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं होतं ते त्यांनी सोडलं. सुतळीचा एक तुकडा होता, त्याला तीन गाठी.

"ताई, ह्ये तुमच्या पट्टीनं मोजून द्या की. तितं नगं. काकू हसतील."

हवालदार झोपले असताना त्यांनी अंगाचं माप घेतलं होतं. पहिल्या टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत हात, दुसरीपर्यंत पाठीची उंची, तिसरीपर्यंत छाती. नवऱ्याला उठवून माप घ्यायचं म्हणजे बेत फुटला असता. आणि सासूसमोर त्याच्या अंगाला हात लावणंही झालं नसतं. मी शाळेतली फूटपट्टी काढली. सुतळी ताणून धरायला दोघींचे हात लागले. त्या एका टोकाला, मी दुसऱ्या. छाती अडतीस इंच भरली.

"आडतीस म्हंजी बरं का वाईट?" त्यांनी विचारलं.

"चांगलं," मी म्हणाले. "पुस्तकात अडतीसचं माप दिलेलंच आहे."

"बघा! पुस्तकवाल्याला बी ठाऊक हाय ह्यांची छाती." त्या हसल्या. मग घरभर नजर फिरवून म्हणाल्या, "तुमी एकल्याच आसता व्हय दिवसभर?"

मी "हो" म्हणाले. त्या आणखी काही विचारतील म्हणून मी थांबले. त्यांनी सुतळी पुन्हा पदरात बांधली आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या संध्याकाळभर मी त्यांना द्यायची उत्तरं मनात जुळवत होते.

पाठ आठ दिवसांत झाली. डावी पुढची बाजू पाच दिवसांत. मी रोज अडीचला जात असे. एक ओळ वाचून दिली की पुढची दहा-पंधरा मिनिटं माझं काम नसे. बायकांच्या गप्पा पुन्हा सुरू होत. कुणाच्या नणंदेनं काय केलं, रॉकेलची रांग, कुणाचं मूल दात येताना किती रडलं. त्यात माझ्याकडे कुणी वळत नसे. वाण्याची सूनही सांगलीकडचीच, जैनांच्या घरातली. एकदा ती म्हणाली, "तुम्ही सांगलीच्या ना? आमच्या माहेरची भडंग खाल्लीय का कधी?" मी "हो" म्हणाले. खरं तर मला सांगायचं होतं की घाटावरून परतताना आई कागदाच्या पुडीत भडंग घ्यायची आणि घरी पोचेपर्यंत पुडी रिकामी व्हायची. पण ते वाक्य जुळेपर्यंत ती दुसऱ्या विषयावर गेली होती. मी खुर्चीत बसून पुस्तकाची पुढची पानं चाळत असे. किती ओळी उरल्या ते मोजत असे. ओळी संपल्या की मला कुणी हाक मारणार नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं.

मग उजवी बाजू आली.

डाव्या बाजूला पुस्तकात दीड पान दिलं होतं. उजव्या बाजूला दोन ओळी. पहिली ओळ सरळ होती, डाव्या बाजूसारखंच विणा. दुसऱ्या ओळीतले सगळे शब्द मला वाचता आले आणि त्यांचा अर्थ मात्र लागला नाही. आकार द्यायचे ते सगळे उलटे करायचे, असं काहीतरी त्यात होतं. आकार म्हणजे काय, आणि उलटे म्हणजे कसे? उलट टाका तर आम्ही पहिल्या दिवसापासून घालत होतो. मी ती ओळ दोनदा वाचली. चटईवरच्या चौघी वाट पाहत होत्या.

"काय गं, कठीण आहे का?" काकू म्हणाल्या.

त्यांनी हे सहज विचारलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पण मला ऐकू आलं ते असं: कॉन्व्हेंटात शिकलीय म्हणे. माझ्याजवळ त्यांना देण्यासारखं इंग्रजी सोडून काही नव्हतं. तेही येत नाही असं म्हटलं तर मी त्या खुर्चीत कशासाठी बसले होते?

"नाही," मी म्हणाले. "पहिल्यासारखंच आहे. सगळं पहिल्यासारखंच."

"मग तर सोपंच," हवालदारीणबाई म्हणाल्या. "आता मला पाठ झालंय त्ये."

आणि खरंच त्यांनी ते मला न विचारता विणलं. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडायच्या खाचेला, टाके कुठं मिटवायचे, गळ्याला कुठं कमी करायचे, सगळं त्यांना आठवत होतं. एकही टाका सुटला नाही. विणलेला भाग कडांनी गुंडाळून येतो म्हणून त्या प्रत्येक तुकडा नीट सुरळी करून कापडी पिशवीत ठेवत. दोन तुकडे शेजारी शेजारी पसरून कुणी पाहिले नाहीत. समोरून उघडा स्वेटर त्या ओट्यावर याआधी कुणी विणलाच नव्हता. काकूंनीसुद्धा नाही.

मला कळलं ते वडिलांच्या शर्टाला इस्त्री करताना. बाह्या झाल्या, कॉलर झाली, मग मी शर्ट उताणा पसरून पुढचे दोन भाग दोन्हीकडे उघडले. डाव्या भागाचा मुंढा डावीकडे होता, उजव्याचा उजवीकडे. गळ्याचा उतार दोन्हीकडून मधे येत होता. मी इस्त्री उभी केली आणि तशीच उभी राहिले. एकाच्या उलटं दुसरं. पुस्तक तेच सांगत होतं. ते इतकं साधं होतं की ते न समजणं हे कुणाला सांगायचीही लाज वाटावी. हवालदारीणबाईंच्या पिशवीत दोन डाव्या बाजू होत्या.

त्या वेळी त्यांची पहिली बाही चालू होती. मी दुसऱ्या दिवशी सांगणार होते. दुसऱ्या दिवशी ओट्यावर वाण्याच्या सुनेची बहीण पाहुणी आली होती, तिच्यासमोर नको म्हणून मी थांबले. तिसऱ्या दिवशी हवालदारीणबाई फार खुशीत होत्या. त्यांनी बाही स्वतःच्या हातात घालून सगळ्यांना दाखवली आणि तिच्याशी हस्तांदोलन केलं, "राम राम हवालदारसाब!" मी हसले नाही. चौथ्या दिवशी मी ठरवलं की पुस्तकात काहीतरी दुरुस्तीची सोय असेल, आणि ती शोधत बसले. त्या चार दिवसांत मी बाहीची एकही ओळ चुकवली नाही. शब्द न शब्द वाचला. जे समजलं नाही ते काकूंना विचारलंसुद्धा.

बाह्या झाल्या. तुकडे जोडायचा दिवस सोमवारी आला. येत्या रविवारी हवालदार जाणार होते. हवालदारीणबाईंनी चटईवर पाठ पसरली, बाह्या दोन्हीकडे ठेवल्या, मग पुढच्या दोन सुरळ्या उलगडल्या आणि पाठीवर ठेवायला लागल्या. एक बसली. दुसरी बसेना. त्यांनी ती फिरवली, खालची बाजू वर केली, पुन्हा फिरवली. उलटी केली की मुंढा जागेवर येई, पण मग खडबडीत बाजू वर येई.

"आसं कसं वो?" त्या म्हणाल्या.

म्हातारीनं वाकळेवरून हात पुढे केला. दोन्ही तुकडे उचलून तिनं एकमेकांसमोर धरले, आपण नमस्काराला हात जोडतो तसे. मुंढ्यासमोर मुंढा यायला हवा होता. एक मुंढा इकडे, एक तिकडे.

"ह्ये दोनी डावंच हायती," ती म्हणाली. "पोरी, दोनी हात डावं आसल्यालं मानूस बघितलंस का कुटं?"

मग वाण्याची सून हसली. "हवालदारांना आता सलाम करायची पंचाईत!"

"मी म्हटलं होतं, मफलर कर," काकू म्हणाल्या. "अगं, विणताना तोंड बंद ठेवावं लागतं. तुझं लक्ष सगळं गप्पांत. हे शेतातलं काम नव्हे, हात चालला की झालं असं नसतं." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मायेनं म्हणाल्या, "तू तर नीट वाचलं होतंस ना गं?"

मी मान हलवली. हो अशी.

हवालदारीणबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ताईंनी बराबर सांगितलं आसणार," त्या म्हणाल्या. "मलाच कळलं न्हाई. मला कुटं येतंय ह्ये." त्यांनी सगळे तुकडे पिशवीत भरले. या वेळी सुरळी केली नाही, नुसते कोंबले.

मंगळवारी मी गेले नाही. मला कुणी हाकही मारली नाही. वाचायचं काही उरलंच नव्हतं. दुपारी मी आमच्या दाराच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा बेतानं बसले होते. ओट्यावर काकूंचा आवाज आला.

"सकाळी येऊन सुया परत देऊन गेली. म्हणाली, लोकर तुमीच घ्या काकू, बाळांचं काईतरी करा. माझ्या हातचं काम न्हाई ह्ये."

"मग हवालदारांना?"

"दुकानातला घेतील म्हणे. नाहीतर सरकारी आहेच."

"रडली का?"

"छे. हसत होती. ती काय, हसतच असते."

थोड्या वेळानं हवालदारीणबाई गल्लीतल्या नळावर आल्या. त्यांनी बादली भरली, घागर भरली. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते हात नेहमीसारखेच चालत होते. शेजारच्या बाईशी त्या काहीतरी बोलल्यासुद्धा. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे पाहून आपल्याला काहीतरी कळेल. काही कळलं नाही. पाणी घेऊन त्या गेल्या आणि गल्ली रिकामी झाली.

मग मी एक गोष्ट केली. पुस्तक माझ्याकडेच राहिलं होतं. मी ते काढलं, कागद घेतला आणि एकेक ओळ वाचत डाव्या बाजूचं चित्र काढलं, शाळेत नकाशा काढायचो तसं. खालची पट्टी, मग सरळ भाग, मुंढा, गळा. मग त्याच्या शेजारी उजवी बाजू काढली. काढताना लक्षात आलं की मुंढ्यापर्यंत दोन्ही भागांत काहीच फरक नाही. तिथवर तो तुकडा ना डावा असतो ना उजवा. चूक फक्त वरच्या नऊ इंचांत होती. सगळा तुकडा वाया गेला नव्हता, आणि हे त्या ओट्यावर कुणाला माहीत नव्हतं, कारण काय चुकलं तेच कुणाला माहीत नव्हतं. ते मला एकटीला माहीत होतं.

संध्याकाळी वडील आले. "काय गं, बरंय ना?"

मी "हो" म्हणाले. मग म्हणाले, "बाबा, तुमच्याकडून कधी कामात चूक झाली आणि दुसऱ्याच्या नावावर गेली, असं झालंय का?"

ते बूट काढत होते. त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. इतकं लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांत त्यांच्याशी बोलले नव्हते. "झालंय," ते म्हणाले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "सांगलीला गेलो की तो माणूस मला अजून रस्त्यात भेटतो. चांगलं बोलतो माझ्याशी."

बुधवारी दुपारी सगळ्या ओट्यावर होत्या. हवालदारीणबाईही होत्या, पण रिकाम्या हातांनी. सासूच्या वाकळेचं टोक ताणून धरून बसल्या होत्या. काकूंच्या मांडीवर उरलेली निळी लोकर होती, शेजारी तुकड्यांची ती पिशवी. त्यांनी लोकरीच्या टोकाला गाठ मारून एका लहान मोज्याला सुरुवातही केली होती. मी रस्ता ओलांडून पायरीशी उभी राहिले.

"ये गं," काकू म्हणाल्या. "खुर्ची आणू का? आज काही वाचायचं नाही पण."

मी नको म्हणाले. माझ्या हातातल्या कागदाला घाम लागला होता. वाण्याची सून काहीतरी सांगत होती ते तिनं अर्धवट सोडलं. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. अशा पाहण्याची मला महिनाभर सवय झाली होती, पण तेव्हा माझ्यासमोर पुस्तक असायचं. मी कागदाची घडी उघडली आणि पुन्हा मिटली. म्हातारी सुई थांबवून म्हणाली, "काय गं बाई? बोल की. बरं न्हाई व्हय?"

मी काकूंकडे पाहिलं नाही. हवालदारीणबाईंकडे पाहिलं.

"उजव्या बाजूची शेवटची ओळ मला समजली नव्हती," मी म्हणाले. "म्हणून मी ती वाचलीच नाही. पहिल्यासारखंच आहे, असं मी मनानं सांगितलं. काकूंनी विचारलं तेव्हा मान हलवली तीही खोटी. तुम्ही मी सांगितलं तसंच विणलंत, तुमचा एक टाकासुद्धा चुकलेला नाही. मुंढ्यापर्यंत सगळं बरोबर आहे, हे बघा, मी काढून आणलंय. फक्त वरचे नऊ इंच उसवायचे आहेत. कसं उसवतात ते मला दाखवा, मी उसवून देते. पण विणा तुम्हीच. रविवारला अजून चार दिवस आहेत."